खालच्या हवेचा बंदोबस्त

रविवारी सकाळी इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत कोणी मला शोधत आलं, तर वॉचमन त्याला लिफ्टकडे पाठवत नाही. पार्किंगकडे बोट करून सांगतो, "ते काय, डावीकडचे पाय." डावीकडचे पाय माझे, उजवीकडचे भाच्याचे. पायांच्या वरचे आम्ही दोघे गाडीखाली असतो आणि माझ्या हातात टॉर्च असतो. टॉर्च धरायला काही अक्कल लागत नाही, असं मी आजवर मानत आलो. भाच्याचं मत वेगळं आहे.

"मामा, इकडे धर."

मी इकडे धरतो.

"इकडे म्हणजे माझ्या इकडे. तुझ्या तिकडे."

शेवटी तो स्वतःचा मोबाइल दातांत धरून काम उरकतो, आणि मी शेजारच्या स्कूटरचं मागचं चाक उजळवत निवांत पडून राहतो.

गाडी कंपनीची नाही. भाच्याने ती स्वतः बांधली आहे. तो अंबडच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि त्या भागात माणसाला वेल्डिंग, लेझर कटिंग, पावडर कोटिंग यांचे ओळखीने दर मिळायला लागले, की त्याचं घरात लक्ष राहत नाही. एका मित्राच्या शेडमध्ये त्याने पाइपांचा सांगाडा जोडला, त्यात जुन्या एस्टीमचं इंजिन बसवलं. ही एस्टीम एकेकाळी आपल्याकडच्या रॅल्यांमध्ये धुमाकूळ घालायची, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. वरून फायबरचं अंग चढवलं. दारं ठेवलीच नाहीत, कारण दार हा जड प्रकार असतो म्हणे. आत बसायचं म्हणजे आधी पाइप ओलांडायचा, मग दुसऱ्या पाइपला लोंबकळायचं आणि मग जिथे पडाल ती सीट. ताई त्यात एकदाच बसली. तिला बाहेर काढेपर्यंत तिची पोळ्यांची कणीक वाळली.

तशी घरी मोटार बांधण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ साली स्वतःच्या हिमतीवर छोटी मोटार उभी केली आणि पुढे कित्येक वर्षं ती 'मीरा' सुधारत राहिले. सांगली जिल्ह्यात यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे, तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप केली. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ गाजला आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. भाच्याला या दुसऱ्या गोष्टीत विशेष रस आहे. बोलेरो आमच्या नाशिकच्या कारखान्यात होते; म्हणजे वाहतूकखर्चसुद्धा वाचेल, असा त्याचा हिशेब. पण महिंद्रांनी त्याच वेळी हेही लिहिलं होतं, की ही जीप नियमात बसत नसल्याने आज ना उद्या कोणीतरी तिला अडवेल. हे वाक्य आमच्या पहिल्या मजल्यावरच्या वकिलांनी पाठ केलं आहे.

"मोटार वाहन कायदा, कलम ५२," ते जिन्यातून उतरतानाच सुरू करतात. "कंपनीने दिली तशीच गाडी ठेवायची. सुप्रीम कोर्टानेही २०१९ च्या जानेवारीत तेच सांगितलं. आणि तुझी तर मुळात गाडीच नाही. पासिंग नाही, नंबर नाही. कायद्याच्या नजरेत ते पार्किंगमध्ये ठेवलेलं सामान आहे."

शेजारी उभ्या असलेल्या चेअरमनांनी तेवढंच ऐकलं. पुढच्या महिन्यापासून ताईच्या मेंटेनन्सच्या बिलात 'सामान ठेवणे' असा नवा रकाना आला.

तर ही गाडी रस्त्यावर चालत नाही. तिला टेम्पोत घालून कुठेतरी खासगी आवारात न्यायचं, पळवायचं आणि टेम्पोत घालून परत आणायचं. खरा ट्रॅक गाठायचा तर कोइंबतूर किंवा चेन्नई, म्हणजे हजार किलोमीटरच्या पलीकडे. इंदिरानगरात ट्रॅक आहे, नाही असं नाही; पण तो जॉगिंगचा. तिथे मी रोज जातो आणि माझ्या वेगाला हवेचा विरोध अजून तरी जाणवलेला नाही.

हवेचा विरोध हा शब्द घरात आला तो जेवताना. भाच्याने ताटाशेजारी वर्तमानपत्राचे दोन तुकडे समोरासमोर धरले आणि मधून जोरात फुंकर मारली. तुकडे लांब जाण्याऐवजी एकमेकांना चिकटले. चटणी मात्र लांब गेली.

"बघितलंस मामी? हवा जोरात वाहिली की तिचा दाब कमी होतो. बर्नुली. १७३८."

"चटणी दे इकडे," ही म्हणाली.

त्याचं म्हणणं असं. आपण गाडीची वरची बाजू गुळगुळीत करतो, पॉलिश मारतो आणि खालच्या बाजूकडे कोणी बघत नाही. तिथे सायलेन्सर, ॲक्सल, पाइपा, वायरी, ब्रॅकेट असा सगळा संसार लोंबत असतो. हवा प्रत्येकाला धडकते, अडखळते, भोवरे घेते. त्यावर सपाट पत्रा मारला, मागच्या टोकाला तो थोडा वर उचलला, तर हवा खालून सुळकन निघून जाईल. जाता जाता दाब कमी करील आणि गाडी रस्त्याला चिकटून पळेल. पेट्रोल वाचेल ते वेगळंच.

"१७३८ पासून माहीत आहे, तर कारखानेवाले का लावत नाहीत?" हिने विचारलं.

"लावतात ना. महागड्या गाड्या बघ, बॅटरीवरच्या गाड्या बघ. खालून सगळं झाकलेलं असतं."

"आणि किती वेगाला फरक पडतो?"

इथे भाचा खुलला. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो मोडायला इंजिनाची ताकद आठपट लागते. शंभराच्या पुढे पत्र्याचा खरा चमत्कार दिसतो. तीसच्या वेगाला काही कळतसुद्धा नाही. आता रथचक्र चौकातून संध्याकाळी निघालेल्या माणसाला तीसचा वेग मिळाला, तर तो घरी फोन करून सांगतो. पण ही माहिती मी मनात ठेवली. तरुण मुलाचा उत्साह मोडू नये. हिने मात्र ठेवली नाही.

"टेस्टिंग कुठे करणार मग?"

"विंड टनेल लागतो, मामी. आयआयटी कानपूरला आहे."

"आपल्याकडे इंदिरानगरचा बोगदा आहे की."

मुंबई-आग्रा महामार्गाखालचा आमचा बोगदा ज्यांनी सायंकाळी सातला पाहिला आहे, त्यांना हिच्या बोलण्यातला खवटपणा कळेल. त्यात गाडी हलत नाही, माणूस हलत नाही आणि हवा हलली तर ती पुढच्या रिक्षाची असते.

पुढचे आठवडे आमच्या घरात फॉर्म्युला वनचा इतिहास चालला. कॉलिन चॅपमनच्या लोटसने १९७७ मध्ये गाडीच्या पोटाखालची हवा कामाला लावली, बाजूला थेट जमिनीला टेकतील अशा झालरी सोडल्या आणि १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्तीला जगज्जेता केलं. बाकीचे चिडले. त्याच वर्षी गॉर्डन मरे नावाच्या गृहस्थाने ब्रॅबहमच्या गाडीला मागे चक्क मोठा पंखा लावला. पंखा खालची हवा ओढून घ्यायचा आणि गाडी जमिनीला चिकटायची. विचारलं तर म्हणाले, पंखा इंजिन थंड ठेवायला आहे! स्वीडनच्या शर्यतीत निकी लाउडा त्या गाडीतून आरामात जिंकला. मागच्या गाड्यांवर त्या पंख्याने खडे-माती उडवली, अशी तक्रार झाली. एकाच शर्यतीनंतर तो पंखा घरी गेला. त्याआधी १९७० मध्ये अमेरिकेत जिम हॉलने तर बर्फावरच्या स्कूटरचं इंजिन लावून दोन पंखे फिरवले होते, त्यावरही बंदी आली. मला या सगळ्यातली 'थंड ठेवायला आहे' ही सबब फार आवडली. अशी तोंडावर फेकता येणारी सबब सुचायला माणूस सोसायटीच्या कमिटीवर काही वर्षं तरी असावा लागतो.

हे सांगत असताना भाच्याची नजर आमच्या स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर गेली. मुलगी बघायला आलेली वरमाय जशी कोपऱ्यातल्या कपाटावरून नजर फिरवते, तशी त्याने फॅनवरून फिरवली. व्यास, पाती, वॉट. ही उठली आणि फॅनच्या खाली जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून भाचा आला की आधी फोडणी पडते. फॅन चालू असला की तो सुरक्षित, अशी तिची समजूत आहे.

निफाडचा माझा मेव्हणा अधिक उदार निघाला. "अरे, फॅन काय घेऊन बसलास? माझ्याकडे द्राक्षबागेचा जुना ब्लोअर पडलाय. ट्रॅक्टरच्या मागे लावला की दोन ओळी पलीकडची पानं उलटी होतात." भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला ब्रॅबहमच्या मागच्यांची तक्रार आठवण करून दिली. खडे-माती एक वेळ चालेल, पण आमच्या मागे येणारा माणूस बुरशीनाशकाने भिजला असता.

शेवटी पंखा रद्द होऊन साधा पत्रा ठरला. यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा हात आहे. ते ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाले. विमानाच्या कारखान्यात आयुष्य गेल्यामुळे नाशिकमधल्या कुठल्याही हलणाऱ्या वस्तूवर बोलण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि न हलणाऱ्यांवर ते बोलतातच. त्यांनी भाच्याची वही पाहिली, चष्मा काढला, पुसला.

"म्हणजे हा पंखच आहे. फक्त उलटा."

"हो काका."

"आम्ही तीस-पस्तीस वर्षं लोखंड वर जावं म्हणून खपलो. आणि तू ते खाली दाबतोयस."

यानंतर ते रोज खाली येऊ लागले.

आता पत्रा कशाचा? परदेशात हौशी लोक जी पन्हळी प्लास्टिकची शीट वापरतात, तिला आपल्याकडे सनपॅक म्हणतात आणि ती नाशिकमध्ये विपुल आहे. महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि निवडणूक वर्षानुवर्षं लांबत गेली. तेवढ्या काळात जे भावी नगरसेवक भावीच राहिले, त्यांचे शुभेच्छाफलक चौकाचौकात तयार होऊन, लागून, उतरून फ्लेक्सवाल्याच्या दुकानामागे रचलेले होते. भाच्याने त्यातले दोन धुऊन आणले. मजकुराची बाजू खाली आली, कारण कोरी बाजू इंजिनाकडे ठेवली तर 'उष्णतेचा अभ्यास' करता येतो म्हणे. त्यामुळे गाडीखाली झोपलं की नाकासमोर एक हसतमुख गृहस्थ हात जोडून 'आपला माणूस, हक्काचा माणूस' असं सांगत.

उष्णतेचा अभ्यास लवकर झाला. पार्किंगमध्ये इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं, तोच सगळीकडे वास पसरला. खाली वाकून पाहिलं तर सायलेन्सरच्या बाजूने हक्काचा माणूस वितळत होता. जोडलेले हात शाबूत होते. हसू मात्र लांबत लांबत फरशीपर्यंत आलं.

दुसरी फेरी एसीपीची. दोन बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मधे प्लास्टिक, जाडी ३ मिलिमीटर. हल्ली दुकानांच्या पाट्या याच्याच असतात, आणि शर्यतीच्या हौशी गाड्यांना खालून हाच पत्रा मारतात, हे खरंच आहे. वडाळा-पाथर्डी रस्त्यावरच्या पाटीवाल्याकडे उरलेले तुकडे मिळाले. एक तुकडा मिठाईच्या दुकानाचा, एक दवाखान्याचा. ते जोडल्यावर गाडीच्या पोटावर पुढून मागे 'शुद्ध तुपातील दातांची निगा' असा मजकूर तयार झाला. तो बदलायला भाचा तयार नव्हता. पत्र्याचं वजन आधीच ग्रॅममध्ये मोजलेलं होतं, रंग लावला असता तर वाढलं असतं.

मागचा उचललेला भाग म्हणजे डिफ्युझर. हा किती अंशांत उचलावा, यावर काका आणि भाचा यांच्यात बेबनाव झाला. काका सातवर, भाचा नऊवर. मोबाइलमधल्या मोजपट्टीने मोजायला घेतलं, तर सकाळी एक आणि दुपारी दुसरा आकडा. मग लक्षात आलं, पार्किंगच्या फरशीलाच पाणी वाहून जाण्यासाठी उतार आहे आणि गाडी दुपारी सावलीत सरकवलेली असते. तो उतार किती, हे बिल्डरने कागदावर एक लिहिलं आहे आणि गवंड्याने मनात दुसरं धरलं होतं. काकांनी पेला भरून पाणी आणून फरशीवर ओतलं आणि ते कुठे जातं ते बघत उभे राहिले. ते चेअरमनांच्या गाडीखाली गेलं.

चेअरमन या काळात आमच्यावर खूश होते, हे सांगायला हवं. आधी भाच्याच्या गाडीचं ऑइल गळून फरशीवर डाग पडायचे आणि दर मीटिंगमध्ये त्यावर अर्धा तास जायचा. पत्रा बसल्यापासून डाग बंद. "बघा, विज्ञानाचा असा उपयोग व्हायला हवा," असं ते सगळ्यांसमोर बोलले. ऑइल गळायचं थांबलेलं नव्हतं. ते पत्र्यावर साठत होतं. पुढे गाडी पहिल्यांदा चढावर घेतली, तेव्हा साठलेलं सगळं विज्ञान एकदम मागच्या बाजूने, सात आणि नऊच्या मधल्या कुठल्याशा कोनातून, गेटसमोरच्या रांगोळीवर आलं. भाचा पाइपांमधून डोकं काढून ओरडला, "फ्लो बघ मामा! कसा एकसारखा निघाला!"

पण त्याचं खरं दुःख वेगळंच होतं. एवढं करून काम कोणाला दिसत नव्हतं. आमच्या घराण्यात पैसा दिसेल तिथे घालायची रीत आहे. बंगल्याच्या पुढच्या भिंतीला महागाचा रंग, मागच्या भिंतीला चुना. माझ्या लग्नातला सुटसुद्धा पुढून पाहायचा होता. आणि ताईच्या या पोराने सगळी मिळकत अशा जागी लावली, की ती बघायला जमिनीवर झोपावं लागतं. तो लोकांना झोपवू लागला.

"काका, जरा येता खाली? दोन मिनिटं."

"आलोय की खाली."

"अजून खाली."

एका सायंकाळी काका, वकील, चेअरमन आणि मी असे चौघे गाडीच्या चार बाजूंनी आत डोकं घालून पडलो होतो. भाचा मधे बसून डिफ्युझर समजावत होता. वकिलांनी 'दातांची निगा' मोठ्याने वाचून हे कुठल्या कलमात बसतं ते सांगायला घेतलं. त्याच वेळी शेजारच्या विंगमधल्या बाई भाजी घेऊन आल्या. त्यांना दिसले ते गाडीखालून चारी दिशांना निघालेले पाय. पिशवी टाकून त्यांनी १०८ लावला. आम्ही ओरडून सांगत होतो की आम्ही ठीक आहोत, त्यावर त्या फोनवर म्हणाल्या, "जिवंत आहेत, पण बडबडतायत." प्रकरण मिटवून सगळे उठले, चेअरमन सोडून. त्यांचा गुडघा वाकला होता तो सरळ होईना. त्यांना पाय धरून ओढून काढावं लागलं. बाहेर आल्यावर त्यांनी शांतपणे कपडे झटकले आणि 'पार्किंगमध्ये आडवे होण्यास मनाई आहे' अशी नोटीस त्याच रात्री फळ्यावर लागली.

मग भाच्याने मोठ्या हॉटेलांच्या फाटकावर असतो तसला चाकांवरचा आरसा आणला. हा गाडीखाली सरकवला की उभ्याने सगळं दिसतं. पाहुणे उभ्याने बघू लागले, पण 'छान, छान' म्हणून लगेच चहाकडे वळू लागले. झोपून पाहिलेल्या गोष्टीला जो मान मिळतो तो उभ्याने मिळत नाही. आरशाचा खरा फायदा वॉचमनला झाला. रात्री रिकामा वेळ असतो. त्याने एकेक करून सगळ्या गाड्या खालून पाहिल्या आणि सकाळी दूध आणायला निघालेल्यांना अहवाल देऊ लागला. "साहेब, तुमचं बूट फाटलंय." "मॅडम, सायलेन्सर गंजलाय, पावसाळा काढणार नाही." चेअरमनांच्या गाडीखाली गणपतीच्या मंडपाची दोरी गुंडाळलेली सापडली, ती दोरी हिशेबात हरवलेली दाखवली होती. दुसऱ्याच दिवशी आरसा कमिटीच्या कपाटात जमा झाला.

आता टेस्टिंग. सिन्नरला, माळेगावच्या एमआयडीसीत, मित्राच्या ओळखीच्या एका कारखान्याच्या आवारात सरळ रस्ता आहे असं कळलं. आयशर ठरवली. टेम्पोवाले भाऊ सोसायटीत आत येईनात, वरची केबल आडवी येते म्हणून. म्हणजे गाडी गेटबाहेर स्वतःच्या पायांनी न्यायची. आणि गेटपाशी आमचा स्पीडब्रेकर.

इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्पीडब्रेकर कसा असावा हे १९८८ पासून सांगत आली आहे. उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे गाडी अलगद चढावी आणि अलगद उतरावी. आमचा उंचीला त्याहून अधिक आणि रुंदीला हातभर आहे. तो सर्वसाधारण सभेत भांडण होऊन, एका पक्षाने दुसऱ्या पक्षाच्या मुलांच्या बाइक डोळ्यांपुढे ठेवून, ठरावाने बांधलेला आहे. त्यामुळे त्याच्या माथ्यावर अजूनही तो राग आहे. भाच्याची गाडी जमिनीपासून चार बोटं. खाली पत्रा नव्हता तेव्हा ती खरवडत, किंचाळत का होईना जायची. आता पोट सपाट झालं होतं. पुढची चाकं पलीकडे गेली, मागची अलीकडे राहिली आणि गाडी बरोबर मधोमध, अतिशय समतोल, स्पीडब्रेकरवर टेकली. चारही चाकं हवेत. काकांनी वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच समाधानाने मान हलवली. "उचलली बघ शेवटी."

वॉचमन, भाजीवाला, दोन विंगांतले पुरुष आणि एक कुरिअरवाला यांनी मिळून ती उचलून पलीकडे ठेवली. गाडी हलकी बांधल्याचा फायदा मला तिथे प्रथमच पटला.

टेम्पोवर चढवल्यावर भाच्याने पत्र्याखाली ताईच्या स्वेटरच्या लोकरीचे छोटे धागे चिकटवले. हवा कुठून कशी वाहते ते धाग्यांवरून कळतं. मोठमोठ्या संघांतसुद्धा हे करतात. धागे बघायला एक मोबाइल पत्र्याखाली उताणा चिकटवला. मोबाइल माझा. टेम्पोचे फाळके पाडून ठेवले आणि आम्ही पुणे रस्त्याला लागलो.

कारखान्याच्या फाटकावर सिक्युरिटीचे गृहस्थ रजिस्टर घेऊनच बसले होते.

"टेम्पोत काय माल आहे?"

"गाडी."

"गाडीत गाडी असं लिहिता येत नाही. मटेरियल काय?"

भाचा म्हणाला, "फॅब्रिकेशन."

"चलन?"

चलन नव्हतं. मित्राची ओळख असलेले साहेब त्या दिवशी ऑडिटमध्ये होते. ऑडिट म्हटल्यावर अंबडचा माणूससुद्धा पुढे बोलत नाही.

"रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?"

"रिटर्नेबल! संध्याकाळी परत नेणार."

"परत नेताना वजन कमी भरलं तर?"

पेट्रोल जळणार, टायर झिजणार, ऑइल तर गळणारच. वजन कमी भरणार होतं. भाचा खरं बोलणारा मुलगा आहे, हीच त्याची अडचण. सायंकाळपर्यंत आम्ही फाटकासमोरच्या टपरीवर चहा पीत बसलो आणि मग टेम्पो वळवला.

म्हणजे गाडीला त्या दिवशी जो काही साठ-पासष्टचा वेग मिळाला, तो आयशरच्या पाठीवर उभ्याने मिळाला. पण धागे आणि मोबाइल यांनी इमानाने काम केलं होतं. रात्री पार्किंगमध्ये व्हिडिओ लावला. धागे मागच्या बाजूला सपाट झोपायला हवे होते. ते चक्क पुढे, ड्रायव्हरच्या दिशेने वळून नाचत होते.

"हवा उलटी वाहतेय!" भाचा पांढरा पडला.

"उलटी नाही," काका म्हणाले. "आयशरच्या कॅबिनमागे भोवरा असतो. हवा कॅबिनवर आपटते, वरून जाते आणि मागे गरगरत परत येते. तुझी गाडी त्या भोवऱ्यात उभी होती. हे तुझ्या पत्र्याचं नाही, टेम्पोचं टेस्टिंग झालं."

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने वही उघडली, कोरं पान काढलं आणि भाड्याचे पैसे घ्यायला थांबलेल्या टेम्पोवाल्या भाऊंना पाण्याची बाटली देऊन बसवलं. कॅबिन चौकोनी, खाली सगळं उघडं, हवा कुठे कुठे अडते, डिझेल कसं फुकट जातं, वेग दुप्पट झाला की ताकद आठपट. त्यांनी दोन सपाट पत्रे खाली आणि एक वर कॅबिनवर, एवढं सगळं ऐकून घेतलं. डिझेल हा शब्द आला की मान हलवत होते, बर्नुली आला की पाणी पीत होते.

"किती वाचेल, दादा?"

"ते मोजावं लागेल. पण वाचणार."

"मग मारा. खालचे दोन आधी मारा." ते उठले, दोन पावलं गेले आणि परत आले. "पण खालून त्यावर 'आईचा आशीर्वाद' लिहून द्यायचं. बाजूला दोन मोर."

"अहो भाऊ, खाली कोण वाचणार?"

"कोण म्हणजे? घाटात जॉइंट निघाला की रात्रभर खाली मीच पडलेला असतो. तेवढाच टाइमपास."